वहिनीच्या खाटेखालचा खोका

चवथीच्या आधी आमच्याकडे घर कानाकोपऱ्यातून झाडतात. झाडणारी मीच, कारण माझ्या मोठ्या जावेचे, चंद्रभागा वहिनीचे, गुडघे गेलेत आणि तिचा मुलगा प्रमोद मुरगावच्या बंदरात नोकरीला आहे. तो गणपतीच्या आदल्या दिवशी मूर्तीवर बांधायच्या माटोळीची फळं घेऊन येतो आणि घर स्वच्छ आहे म्हणून आम्हाला शाबासकी देतो. वहिनीची खोली मात्र आजवर ती स्वतः झाडायची; यंदा तिला वाकवेना, म्हणून तिच्या खाटेखाली मी केरसुणी घातली आणि ती कशाला तरी अडली. ओढून बघते तर पाण्याच्या बाटल्यांचा खोका. एक लिटरच्या बारा बाटल्या, वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही.

"पावण्यांक हाडलोस काय गो?" मी विचारलं.

"थंयच ठेव तो, मनीषा," वहिनी खाटेवर बसूनच म्हणाली. "माझ्या आंगोळीचो."

मी हसले. जीभ माझी पहिल्यापासून सैल. "तापवन घालू काय तसोच?"

"तसोच. मेल्यावर कोण तापयता?"

वहिनी शांतपणे सांगत होती, बाजारहाटाची यादी सांगावी तशी. भावोजी गेले त्या वर्षी तिने पहिला खोका आणला. बाटलीवरची तारीख उलटली की ती त्यातलं पाणी अबोलीला घालते आणि प्रमोदकडून नवा आणवते. हा चौथा. मी याच घरात राहते, तिच्या खोलीबाहेरच्या पडवीत रोज तांदूळ निवडते, आणि मला पत्ता नव्हता. दारातली विहीर काठोकाठ भरलेली असताना मेल्यावर विकतच्या पाण्याने आंघोळ घाला असं ही बाई म्हणते, आणि असं का म्हणते हे मला विचारावं लागलं नाही. ते समजण्यापुरती मी त्यात होते. वाड्यावरची दुसरी कोणतीही बाई असती तर मी तिला वेडी म्हटलं असतं.

आमच्या गावात युद्ध झालं असं मी म्हटलं तर पेपरवाले हसतील. बंदूक नाही, सैन्य नाही, डिचोली तालुक्यातला एक गाव आणि त्यातले दोनशे उंबरे. पण मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे, शब्द कुठे वापरायचा ते मला कळतं. सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरचं जेवण सोडलं, बापाने लेकीला चवथीचं आमंत्रण दिलं नाही, रस्त्यावर डोकी फुटली. याला भांडण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. आणि या युद्धात एका बाजूचे पुढारी होते आमचे भावोजी, काशिनाथ परब, त्या वेळचे सरपंच. चंद्रभागा वहिनी त्यांची बायको.

ती मूळची समुद्राकडच्या चोपड्याची. नदीकाठची पोर, ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या-शिंपल्या काढणारी. पंच्याऐंशी साली लग्न होऊन आमच्या या डोंगराळ गावात आली तेव्हा तिला सगळ्यात जास्त कसली आठवण येत असेल तर नदीच्या पाण्याची. दोन वर्षांनी तिने स्वतः मध्ये पडून शेजारच्या विठूला चोपड्याचीच मुलगी केली. ती गौरवी. माहेरी दोघींची घरं पाठीला पाठ लावून होती, सासरी दोन अंगणांच्या मध्ये एक वय, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण. आमच्या विहिरीवर दोघी पाण्याला यायच्या आणि कळशी भरायच्या आधी एकमेकींना विचारायच्या, "आता थंय भरती आसतली मां गो?" समुद्र इथून कोसभर नाही, चांगला दूर. पण दोघी बोटांवर तिथी मोजून भरती-ओहोटी ठरवायच्या आणि समाधानाने पाणी ओढायच्या. मी ब्याण्णव साली या घरात आले तेव्हा हा खुळेपणा बघून खूप हसले होते. मनातून मला त्यांचा हेवा वाटायचा, तेही सांगून टाकते.

भावोजींचा आधी एक ट्रक होता. खाणीवरून माल बार्जपर्यंत न्यायचा. एकाचे सहा झाले, मग ते ट्रकवाल्यांचे म्होरके झाले, मग पंच, मग सरपंच. माणूस वाईट नव्हता असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल की घरचीच बाई बोलणार. शाळेचं छप्पर त्यांनी घातलं, रात्री-अपरात्री कुणाला इस्पितळात न्यायचं तर गाडी त्यांची. पण पुढाऱ्याला एकदा माणसांची सवय लागली की घरातलं कोणी माणूस राहत नाही. बैठकांसाठी त्यांनी प्लास्टिकच्या चाळीस खुर्च्या घेतल्या. त्या अंगणात मांडायच्या, चहाचे चाळीस कोप भरायचे, मग चाळीस कोप विसळायचे, हे वहिनीचं राजकारण. गावात हळदीकुंकू असलं की तिला पहिल्या रांगेत बसवत, "सरपंचीणबाय" म्हणत, हातात माइक देत. ती माइक पदरात धरून "सगळ्यांचा बरा होवं" एवढंच म्हणायची आणि खाली बसायची. बायका टाळ्या वाजवायच्या. तीही हसायची. तिला ते आवडायचं, हे तिनेच मला नंतर सांगितलं, मान खाली घालून.

मग डोंगर खाली खाली खणत गेले. पावसात खाणीची तांबडी माती वाहून भातशेतात आली, आणि उन्हाळ्यात विहिरी आटायला लागल्या. खाणीच्या खड्ड्यात पंप लावले की आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी तिकडे ओढ घेतं, हे पोरांनासुद्धा कळत होतं. वाड्यावरची एकच विहीर मे महिन्यातही पाणी धरून होती, ती आमची. विठूचा मळा मातीच्या ढिगाऱ्याखालीच होता. दोन वर्षं त्याने अर्ज दिले. तिसऱ्या वर्षी तो आणि अकरा घरं रस्त्यावर जाऊन बसली आणि तीन आठवडे ट्रक उभे राहिले.

पुढचं थोडक्यात सांगते. ट्रकांच्या काचा फुटल्या. विठूच्या डोक्याला चार टाके पडले. पाववाल्या पोदेराला सांगितलं गेलं की त्या बारा घरांसमोर पावाच्या सायकलचा पों-पों वाजवायचा नाही, आणि बिचाऱ्याने तो वाजवला नाही. माझ्या वर्गात ट्रकवाल्यांची मुलं एका बाकावर आणि बाराघरांची मुलं दुसऱ्या बाकावर बसायला लागली. मी त्यांना उठवून एकत्र बसवलं नाही. फळ्यावर सुविचार मात्र रोज लिहिला.

आणि मग देवळात गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे गावाने देवापुढे घातलेला शब्द. मानकरी देवापुढे उभा राहून बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. ते म्हटलं की शब्द गावाचा झाला, नाही म्हटलं तर तो देवापर्यंत पोचत नाही, असं आम्ही मानतो. एका सोमवारी मानकरी श्रीनाथ गावकर रवळनाथासमोर नारळ ठेवून म्हणाला, "बा देवा रवळनाथा, गावाच्या पोटार पाय देवन जे रस्त्यार बसले आसत, तेंच्याकडे आमची आग नाय, पाणी नाय, येणा नाय, जाणा नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा मंडप म्हणाला.

"हो शब्द जो कोण मोडीत, तेका तू बघून घी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बायका मागे खांबांजवळ होत्या. वहिनी म्हणाली. मीही म्हणाले, आणि माझा आवाज वर्गात कमावलेला, तो मंडपभर वाजला. दोन बायकांनी वळून कौतुकाने बघितलं होतं. गौरवी देवळाच्या पायरीवर उभी होती. गाऱ्हाणं आपल्याविरुद्ध आहे हे तिला तिथेच उभ्या उभ्या कळलं, आणि ती चपला घालून निघून गेली. ती मग त्या देवळात पुन्हा आली नाही.

विठूची आई गंगा म्हातारी त्याच वर्षी मे महिन्यात वारली. सकाळी आठाच्या सुमाराला रडणं ऐकू आलं. एरवी वाड्यावर कोणी गेलं की आधी बाया धावतात, मग पुरुष बांबू आणायला जातात. त्या दिवशी प्रत्येक जनेलात एक तोंड होतं आणि अंगणात कोणी नव्हतं. म्हातारीने वाड्यावरची निम्मी बाळंतपणं केली होती. प्रमोदला पहिली आंघोळ तिनेच घातली होती.

मयताला आंघोळ घालायला पाणी लागतं. बारा घरांच्या विहिरींत चिखल होता, आणि टँकर त्यांच्या दारात थांबत नव्हता. गौरवी कळशी घेऊन वयाच्या खिंडीतून आमच्या अंगणात आली. विहिरीवर कप्पी उघडी, दोर नाही, बालदी नाही. वहिनी दारात आली. दोघींच्या मध्ये दहा पावलं होती.

"चंद्रा," गौरवी म्हणाली, "मांयेक न्हाणूचा आसा. एक कळशी पाणी दी."

वहिनीने कप्पीकडे बघितलं. मग गौरवीकडे.

"दोर नाय," ती म्हणाली.

एवढंच. आणि ती आत आली. गौरवी जरा वेळ तिथे उभी होती. ती घरी जाऊन आपला दोर आणू शकली असती, पण दोर काढलेल्या विहिरीवर उभं राहिलं की माणसाला जे कळायचं ते कळतं. ती रिकामी कळशी घेऊन गेली. तासाभराने विठूचा भाचा स्कूटरवरून डिचोलीच्या बाजारातून दोन खोके घेऊन आला. आम्ही जनेलातून ऐकत होतो. बाटलीचं झाकण पिळून उघडलं की कट्ट असा आवाज येतो. चोवीस वेळा आला. गंगा म्हातारीने उभ्या जन्मात विकतचं पाणी प्यायलं नव्हतं.

वहिनी त्या दिवशी जेवली नाही. भावोजींनी विचारलंही नाही, अंगणात बैठक होती. चाळीस कोप तिने भरले आणि विसळले, आमच्या विहिरीच्या पाण्याने. संध्याकाळी दोर पुन्हा कप्पीवर होता.

बाराच्या सालात खाणी बंद झाल्या. मध्ये जरा सुरू झाल्या, मग पुन्हा बंद. ज्यांच्यासाठी डोकी फुटली ते ट्रक अंगणाच्या कडेला उभ्या उभ्या गंजले, त्यांच्या चाकांतून घाणेरी उगवली, आणि शेवटी भंगारवाला एकेक करून घेऊन गेला. भावोजी पुढची पंचायत हरले. एके काळी जी माणसं दारातून हलायची नाहीत ती आता फक्त खुर्च्या न्यायला यायची, बारशाला नाहीतर मुंजीला. चाळीसच्या एकतीस झाल्या, मग अठरा. भावोजी पडवीत बसून त्या मोजायचे. एकोणीस साली त्यांना झटका आला आणि तीन दिवसांत ते गेले.

त्या दिवशी तिरडी उचलायला चौथा खांदा विठूने दिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो आला, उपरणं खांद्यावर घेतलं आणि वाकला. त्याच्या कपाळावरची टाक्यांची खूण मला माजघरातून दिसत होती. दुपारी गौरवी मोठ्या टोपात पेज घेऊन आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी अन्न आणतात, ही आमची रीत. जी रीत आम्ही तिच्या घरासाठी मोडली होती ती तिने आमच्यासाठी पाळली. वहिनीने ती पेज खाल्ली आणि खाताना मोठ्याने रडली. लोकांना वाटलं, नवऱ्यासाठी. मला लाज वाटत होती, आणि तरी मी दोनदा वाढून घेतली, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

महिना झाल्यावर वहिनी माझ्यासोबत श्रीनाथ गावकराच्या घरी गेली. देवापुढे घातलेला शब्द देवापुढेच मागे घ्यावा लागतो. नारळ ज्याने ठेवला त्यानेच तो उचलायचा असतो. श्रीनाथने आम्हाला बसायला दिलं, चहा दिला, आणि म्हणाला, "कसला गाऱ्हाणा, वयनी? आमच्या गावात असा काय झालाच नाय."

"तू सांगल्लंस. आमी व्हय म्हटला."

"तुमका दुसऱ्या गावचा आठवता आसात."

तो सरळ वहिनीच्या डोळ्यांत बघून बोलत होता. बाहेर पडताना त्याची बायको म्हणाली, आता सगळं मिटलंय, कशाला उकरून काढता. मिटलं होतं हे खरंच. विठूची नात आणि श्रीनाथचा नातू डिचोलीला एकाच ट्यूशनला जातात. गावाने सगळं गिळलं आणि वर ढेकरही दिला नाही. एकट्या वहिनीच्या घशात ते अडकून राहिलं.

मग वहिनीने जे केलं ते आमच्या देवळात कुठल्या बाईने केल्याचं मला माहीत नाही. श्रावणातल्या सोमवारी आरती संपली, माणसं तीर्थाला वळली, तेव्हा ती खांबाजवळून पुढे गेली आणि देवापुढे नारळ ठेवला. माइक दिला तर जिला चार शब्द सुचत नसत ती बाई बोलायला लागली.

"बा देवा रवळनाथा, माझ्या दाराक मयताचा पाणी मागूक आयल्ले. माझ्या बांयत पाणी आसताना मी तां दिवक नाय रे म्हाराजा."

कोणी घंटेकडे बघतंय, कोणी फोनकडे. श्रीनाथ चपला शोधायला लागला. वहिनी थांबली. गाऱ्हाण्याला "व्हय" मिळायला हवा, एकाचा तरी. तिने मागे वळून बघितलं नाही, पण तिचे खांदे वाट बघत होते. मी तिच्यामागे चार हातांवर होते. पहिल्या गाऱ्हाण्याला ज्या आवाजाने मी मंडप दणाणून सोडला होता तो आवाज मी शोधत होते आणि तो सापडत नव्हता.

तेव्हापासून दर सोमवारी ती तेच करते. लोकांना सवय झाली आहे. ती उभी राहिली की माणसं जरा बाजूने जातात. मी दर सोमवारी तिला हाताला धरून नेते आणि हाताला धरून आणते, आणि गावातल्या बायका म्हणतात, जाऊ असावी तर अशी.

आता तुम्ही विचाराल, एक "व्हय" म्हणायला माझं काय जात होतं. तेच सांगायला हे लिहायला घेतलं, आणि इथपर्यंत टाळलं.

तो दोर मी काढला होता.

गंगा म्हातारी गेली त्या सकाळी वहिनी देवपूजेत होती. भावोजी मागच्या दारी आले आणि मला म्हणाले, "बांयचो दोर काढून ठेव. ती पाण्याक येतली." मला त्या जूनपासून काणकोणला बदली लागली होती, गोव्याच्या पार दुसऱ्या टोकाला. ती रद्द करायला भावोजींनी शब्द टाकला होता आणि कागद अजून यायचा होता. त्यांनी बदलीचं नावसुद्धा काढलं नाही. काढायची गरज नव्हती, मी हुशार होते. मी विहिरीवर गेले, बालदी सोडली, दोर वेटोळं करून गुंडाळला आणि भाताच्या कणगीमागे टाकला. मग आत जाऊन जनेलात उभी राहिले. वहिनी दारात आली तेव्हा उघडी कप्पी तिलाही तेव्हाच दिसली. ती ओरडून विचारू शकली असती, दोर खंय गो. तिने विचारलं नाही, हा तिचा गुन्हा, आणि तो ती चार वर्षं देवापुढे सांगते आहे. गावाने ठरवलं की सरपंचिणीने दोर काढला. तिने कधी नाही म्हटलं नाही. मी कधी खरं सांगितलं नाही. बदली रद्द झाली. मी याच गावच्या शाळेतून निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेऊन.

खोका सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या विहिरीची कळशी भरली आणि वयाच्या खिंडीतून गौरवीकडे गेले. ती पडवीत बसून चवथीच्या पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होती. मी कळशी खाली ठेवली. तोंडाशी हजार वाक्यं जुळवून नेली होती, त्यातलं एक निघालं.

"गौरवी, त्या दिवसा दोर मी काढल्लंय."

"माका ठावूक आसा," ती पान पुसतच म्हणाली. "वयाकडना दिसता. तू दोर गुंडाळतल्लंस तेवां मी कळशी घेवन हंयच उभी आसल्लंय."

म्हणजे दोर नाही हे बघूनही ती आली होती. वहिनी देईल, म्हणून आली होती.

"इतक्या वर्सांनी एक शब्द बोलाक नाय तू माका?"

"तू बोलतलंस म्हणान."

"आनी वयनी?"

"तिका पयल्या दिसापासून कळ्ळा. मी तिका म्हटलंय, मनीषाचा नाव घे देवाकडे. ती म्हणाक लागली, ता तिचा तिणा घेवचा."

मी माफी मागायला लागले. तिने हाताने थांबवलं. "माझ्याकडे कसली मागतंस गो? आंगोळ माझी नव्हती. ती म्हातारेची." मग म्हणाली, "कळशी व्हर ती. आमच्या नळाक पाणी आसा."

दहा पावलांचं अंगण भरलेली कळशी घेऊन ओलांडणं किती जड असतं ते मला त्या दिवशी समजलं. रिकामी त्याहून जड असणार.

सोमवारी मी वहिनीला देवळात नेलं. आरती झाली, ती पुढे गेली, नारळ ठेवला. तेच शब्द, आता पाठ झालेले. "माझ्या बांयत पाणी आसताना मी तां दिवक नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

आवाज चिरकला. चौथीतलं पोर कविता विसरल्यावर बोलतं तसा. वहिनीचे खांदे हलले, पण ती वळली नाही. मी पुढे जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले, कारण अर्ध्यावर थांबले असते तर पुन्हा कधी जमलं नसतं. "बा देवा रवळनाथा, बांयचो दोर मी काढल्लंय. चंद्रभागा वयनीन काढूक नाय. कणगेमागे लिपयलंय, आनी इतकी वर्सां गप रवलंय रे म्हाराजा."

याला "व्हय" कोणाचा मिळणार? मी ज्यांना शिकवलं ते चार-पाचजण मंडपात होते, ते जमिनीकडे बघत होते. श्रीनाथ कधीच पायरी उतरला होता. मी वाट बघितली. बाजूने वहिनीचा आवाज आला, हळू, नेहमीच्या पूजेत बोलावा तसा.

"व्हय म्हाराजा."

येताना मी तिला नेहमीसारखं हाताला धरून आणलं. रस्त्यावर दोन बायका भेटल्या, त्यांनी पदर सारखा केला आणि वाट दिली. पूर्वी मला "बाई, बऱ्या आसात मां" म्हणायच्या. बातमी आमच्या आधी वाड्यावर पोचली होती. माझे यजमान मंगेश पडवीत बसले होते, त्यांनी पेपर वर धरला. सख्ख्या भावाचं नाव देवळात आलं नव्हतं, पण दोर कोणी काढायला लावला हे कळायला त्यांना कोणी सांगायला नको होतं.

घरात आल्यावर मी सरळ वहिनीच्या खोलीत गेले आणि खाटेखालून खोका बाहेर ओढला. म्हटलं, आता याचं काय काम, देवापर्यंत पोचलं सगळं, चवथीला पाहुणे येतील त्यांना देऊ. मला एक प्रकारे सुटल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. वहिनी खाटेवर टेकली, गुडघ्यांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून थोडी हसली. कित्येक वर्षांत ती माझ्याकडे बघून अशी हसली नव्हती.

"तो थंयच रवांदे गो, मनीषा," ती म्हणाली. "बारा आसत. आता दोगींक सा-सा."

मी खोका परत खाटेखाली सारला.